पाचव्या गिअरमधली गुणगुण

कुर्ल्यातल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ साली ‘११८ एनई’ ही गाडी बाजारात आणली. बॉडी फियाट १२४ची, म्हणजे साठच्या दशकातली. इंजिन मात्र निस्सानचं, ११७१ सीसीचं. पुढे नव्वदीच्या सुरुवातीला कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्तान मोटर्सनेही हेच केलं. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अँबॅसडरची बॉडी तशीच ठेवली आणि तिच्यात इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन पाच गिअरांच्या पेटीसह बसवलं. तेव्हा जुन्या गाडीत नवं इंजिन घालणं हा गॅरेजातल्या उचापतखोरांचाच उद्योग आहे असं समजायचं कारण नाही. आपल्याकडे कारखान्यांनीही तो राजरोस केला आहे. त्यांच्याकडे ड्रॉइंग्ज होती, चाचणीसाठी गाड्या होत्या आणि वेळ होता. मिस्त्रीकडे फूटपट्टी आणि वेल्डिंग मशीन असतं.

समजा, गाडी आहे प्रीमियर पद्मिनी. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस हटली, पण हौशी लोकांनी जपलेल्या खासगी पद्मिन्या अजून आहेत. १०८९ सीसी, कार्ब्युरेटर, चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्ती, चार गिअर आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. मालकाला हिचं रूपडं हवंय, पण खंबाटकी घाट चढताना मागून वाजणारे हॉर्न नकोत.

पहिला विचार येतो तो मारुतीच्या इंजिनाचा. सुटे भाग कुठेही मिळतात आणि इंजिन हलकंही असतं. पण एस्टीम किंवा स्विफ्टचं इंजिन बॉनेटखाली आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. पद्मिनीचं इंजिन उभं, गाडीच्या लांबीच्या दिशेने. तिथून लांब प्रॉपेलर शाफ्ट मागच्या चाकांपर्यंत जातो. म्हणून शोधायची ती जिप्सी. तिचं १२९८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन उभंच बसतं आणि ८० अश्वशक्ती देतं. फोर-व्हील-ड्राइव्हचा ट्रान्स्फर केस तिच्यात गिअरबॉक्सपासून वेगळा, मधे छोटा शाफ्ट घालून जोडलेला असतो. त्यामुळे तो सोडून देऊन नुसता पाच गिअरांचा बॉक्स उचलता येतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात इंजिन-गिअरबॉक्सची अशी जोडी शोधता येते.

जोडी हाच शब्द महत्त्वाचा. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला लावायचं तर मधे अ‍ॅडॅप्टर प्लेट बनवावी लागते, आणि क्रँकशाफ्ट व गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट हे दोन्ही एकाच रेषेत यावे लागतात. ती रेषा मिलिमीटरच्या अंशाने जरी चुकली, तरी क्लचप्लेट आणि बेअरिंग लवकर जातात. जुळणीचं हे काम इंजिनाच्या कारखान्यात आधीच झालेलं असतं. ते आपल्या हाताने मोडू नये.

आता थोडं गणित. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. जिप्सीच्या इंजिनाचा कमाल टॉर्क १०३ न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर. ऐंशी अश्वशक्ती मिळते ६००० फेऱ्यांवर. म्हणजे हे इंजिन ताकद आणतं ती मुख्यतः वेगाने फिरून. जुन्या सवयीने दोन हजार फेऱ्यांवरच गिअर बदलत राहिलात, तर एवढा खर्च कुठे गेला असा प्रश्न पडेल.

पाचव्या गिअरचा फायदा मात्र लगेच कळतो. पद्मिनीचं चाक एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर जातं. ताशी ८० किलोमीटरला ते मिनिटाला सुमारे ७०० फेरे घेतं. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ४.५ धरलं, तर चौथ्या गिअरमध्ये, म्हणजे थेट जोडणीत, इंजिन ३१५० फेऱ्यांवर ओरडत असतं. जिप्सीच्या पाचव्या गिअरचं गुणोत्तर सुमारे ०.८ आहे, तेवढ्याच वेगाला इंजिन २५००वर येतं. कानाला केवढा तरी आराम.

आणि तिथेच खरी गंमत सुरू होते. गिअरबॉक्सने इंजिनाचे फेरे कमी केले, प्रॉपेलर शाफ्टचे नाही. शाफ्ट गिअरबॉक्सच्या पुढे आहे, तो चाकांना बांधलेला. ८०च्या वेगाला तो अजूनही ३१५०नेच फिरतोय. आजवर त्याची कुरकुर इंजिनाच्या आवाजात बुडून गेलेली असायची. आता ती ऐकू येते.

ही कुरकुर येते कुठून? शाफ्टच्या टोकांना क्रॉस असतात, ज्यांना युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात. मागचा अ‍ॅक्सल स्प्रिंगांवर वरखाली होतो, म्हणून शाफ्टला कोनात फिरावंच लागतं. पण कोनात फिरणाऱ्या एका क्रॉसमधून गती सरळ पलीकडे जात नाही. इकडचा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी तिकडचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. १० अंशांच्या कोनाला हा फरक दीड टक्क्याचा असतो. ऐकायला क्षुल्लक, पण ३१५० फेऱ्यांना तो सेकंदाला १०५ वेळा घडतो आणि सीटखालून गुणगुण येऊ लागते. उपाय जुना आहे: दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत बसवायचे आणि दोन्हीकडचे कोन सारखे ठेवायचे. एकाने केलेली चूक मग दुसरा फेडतो. नव्या गिअरबॉक्सची शेपटी मूळ कोनापेक्षा खाली झुकलेली राहिली, तर हा हिशेब बिघडतो. म्हणून इंजिनाचे पाय वेल्ड करण्याआधी कोन मोजायला हवा, आणि घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

शाफ्टच्या लांबीचंही तसंच. गिअरबॉक्स आखूड निघाला तर शाफ्ट वाढवावा लागतो. लांब शाफ्ट ज्या वेगाला धनुष्यासारखा वाकून थरथरू लागतो, तो वेग लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. लांबी दहा टक्क्यांनी वाढवली की ही मर्यादा सतरा टक्क्यांनी खाली येते. लेथवाल्याकडून जोड देऊन आणलेला शाफ्ट बॅलन्सिंग मशीनवर चढवल्याशिवाय गाडीला लावू नये.

बाकीची कामं कटकटीची असली तरी कोडी नव्हेत. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब एका बारच्याही आत असतो; जिप्सीच्या इंजिनातल्या इंजेक्शनला सुमारे तीन बार लागतात. तेव्हा पंप, नळ्या आणि टाकीतली परतीची लाइन सगळंच नवं. संगणक आला की त्याचे सेन्सर आणि वायरिंगचं जंगलही आलं. पद्मिनीच्या तळाला गिअरच्या दांड्यासाठी भोकच नाही, ते पाडावं लागतं. पहिल्या गिअरमध्ये शाफ्टवर पावणेचारशे न्यूटन-मीटरपर्यंत जोर येतो. जुने क्राउन-पिनियन तो कितपत सोसतील, हे अ‍ॅक्सल उघडून पाहायचं.

ब्रेकबद्दल मात्र मी चिडतो. बॉनेट उघडून इंजिन दाखवणारे पुष्कळ भेटतात, चाक काढून ब्रेक दाखवणारा विरळा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ७०ऐवजी १००ने जाणारी गाडी थांबवायला दुप्पट उष्णता पचवावी लागते, आणि तापलेला ड्रम फाकतो, ब्रेकची पकड सुटते. पुढे डिस्क ब्रेक बसवायचे नसतील, तर इंजिनही बदलू नये.

मग कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत हे पुन्हा ठणकावलं. तेव्हा पहिला नट सोडवायच्या आधी आरटीओत जावं. आधी काम उरकून नंतर कागद जमवू, हा विचार महागात पडतो. शिवाय २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपलीकडची, मूळ रूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली गाडीच ‘व्हिंटेज’ ठरते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. पद्मिनी हे नाव गाडीला मिळालं १९७४च्या सुमारास. त्या पहिल्या गाड्या आता या वयात येऊन ठेपल्या आहेत, त्यामुळे त्यांच्या मालकांना जिप्सीचं इंजिन आणि ती नंबरप्लेट यांपैकी एकच काहीतरी निवडावं लागेल.