उन्हातली पंगत

शाळांना सुट्ट्या लागल्या की आमच्या बारामती-इंदापूर भागातली घरं एखाद्या दिवसापुरती बाहेर पडतात. कुणी उजनीच्या फुगवट्यावर भिगवण-पळसदेवकडे जातं, कुणी जेजुरीला, कुणी दर्ग्याला नवस फेडायला. चैत्र-वैशाखाचं ऊन, पारा चाळिशीच्या घरात. अशा वेळी प्रश्न पडतो, की पोराबाळांना आणि म्हाताऱ्यांना दुपारी जेवायला काय घालायचं?

घरून भात-आमटी भरून न्यावी, तर दुपारपर्यंत ती बिघडते. तिथंच चार पदार्थ करावेत, तर घरातली बाई दिवसभर चुलीपुढे. माझं म्हणणं एवढंच, की कोरडं ते घरून न्यावं, ओलं एकच तिथं शिजवावं आणि त्यातलं काही उरवू नये.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अन्न बिघडवणारे जिवाणू ओलाव्यात आणि उबेत वाढतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस ही त्यांच्या सोयीची ऊब. आपली उन्हात उभी केलेली गाडी म्हणजे त्यांची आयती उबवणीच! भाताचं तर आणखी वेगळं. तांदळातल्या काही जिवाणूंची बीजं उकळल्यावरही जिवंत राहतात, भात कोमट झाला की जागी होतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून कडक उन्हाळ्यात शिजलेला भात तासाभरात संपवावा, हे बरं. भाकरी, दशमी, शेंगदाण्याची चटणी यांत पाणी कमी, म्हणून ती टिकतात.

आपल्या भागाला हे पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. आषाढात तुकोबांची पालखी याच दोन तालुक्यांतून जाते. बारामती, काटेवाडी, बेलवाडी, इंदापूर. दिंडीची रीत बघा. शिध्याच्या आणि पाण्याच्या गाड्या पुढे जातात, माणसं पोचेपर्यंत चूल पेटलेली असते. पिठल्याला उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटं पुरतात. शिजलं की वाढायचं, वाढलं की संपवायचं.

दुसरं उदाहरण ऊसतोडीचं. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती कारखाना, यांच्या शिवारांत गळिताच्या हंगामात बीडकडची कुटुंबं कोपीत राहतात. तिथली बाई उजाडायच्या आत तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या थापते आणि दिवसभराचं फडक्यात बांधून फडात जाते. पहाटेच्या गारव्यात चूल उरकण्यात शहाणपण आहे. पण त्यासाठी झोप मोडते ती तिचीच, हेही विसरू नये.

आता आमच्या घरचा बेत सांगतो. मसुरीच्या डाळीची खिचडी आणि चिंचेचा खट्टा. तूरडाळीपेक्षा मसूर लवकर शिजते, भिजवावी लागत नाही, इंधन वाचतं. सहा माणसांना तीन वाट्या तांदूळ, दीड वाटी डाळ. हे दोन्ही निवडून एका डब्यात, मीठ-हळद-मसाला एका पुडीत आणि कुरकुरीत तळलेला कांदा कोरड्या बरणीत, असं आदल्या रात्रीच बांधून ठेवायचं. तिथं गेल्यावर फक्त धुवायचं, दुपटीहून थोडं जास्त पाणी घालायचं आणि कुकर चढवायचा. दोन शिट्ट्यांनंतर गॅस बंद. मग कुकर जाड गोधडीत गुंडाळून अर्धा तास ठेवायचा. आतल्या वाफेवर उरलेलं काम होतं. तोवर चिंचेच्या कोळात मीठ, गूळ, जिरं, हिरवी मिरची आणि कच्चा कांदा घालायचा, की खट्टा तयार. त्याला आच लागतच नाही. काकडी मात्र तिथंच चिरावी.

पाणी घरूनच न्यावं. धरणाचं पाणी दिसायला निळं असलं तरी ते पिण्याचं नव्हे. माणशी तीन लिटर धरा, स्वयंपाकाचं वेगळं. कळशीला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याच्या झोताला ठेवली की पाणी गार राहतं. फडक्यातला ओलावा उडताना उष्णता घेऊन जातो.

विस्तवाला जपा. उसाच्या पाचटाजवळ, वाळल्या गवतावर शेगडी मांडू नका. वारा सुटला तर गाडीच्या आत शेगडी नेण्याचा मोह तर मुळीच नको. निघताना चुलीवर पाणी ओता, राख हातानं चाचपून बघता येईल इतकी गार होऊ द्या.

आणखी एक गोष्ट. माझी अम्मा म्हणायची, ‘सैर सबकी, चूल्हा मेरा.’ हसत म्हणायची, पण म्हणायची. तेव्हा झाडाची दाट सावली सतरंजीला नव्हे, आधी शेगडीला द्या. अकराच्या आत खिचडी चढवा. काकडी चिरणं, पाणी भरणं, वाढणं, भांडी घासणं ही कामं पुरुषांनी आणि थोरल्या पोरांनी घ्यावीत. खिचडीला काही फार हुन्नर लागत नाही, ती मलाही येते. पहिलं ताट घरातल्या बाईला वाढावं आणि तिनं ते बसून, गरम असतानाच खावं. मग तो बेत सगळ्यांसाठीच सोपा झाला, असं म्हणता येईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)