भिंती गेल्या, गोंगाट आला

चार-पाचशे चौरस फुटांचा गाळा, त्यात दहा-बारा माणसे आणि दार उघडताच सारे कार्यालय एका नजरेत दिसावे, हा मालकाचा आग्रह. मुंबई-पुण्यात छोटे कार्यालय थाटताना हे चित्र नेहमीचे. केबिनच्या भिंती काढल्या की खिडकीचा उजेड आतपर्यंत पोहोचतो, खर्चही वाचतो. मात्र भिंतींबरोबर आवाजाचा अडसरही जातो, याचा विचार सजावटीच्या आराखड्यात क्वचितच असतो.

त्यात व्हिट्रिफाइड फरशी, काचेची पार्टिशन्स आणि पीओपीचे गुळगुळीत छत हल्ली सर्वांच्या आवडीचे. हे तिन्ही पृष्ठभाग आवाज शोषत नाहीत, परतवतात. एसीच्या संथ घरघरीची कानांना सवय होते. शेजारच्या टेबलावर चाललेली वसुलीची बोलणी मात्र नको म्हटले तरी ऐकू येतात. शब्द कळू लागले की लक्ष हमखास विचलित होते.

मोकळ्या कार्यालयाची कल्पना १९५०च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम जर्मनीत आकाराला आली, तेव्हा तिच्यात गालिचे, झाडे आणि हलवता येणारे पडदे होते. पुढे नक्कल झाली ती केवळ मोकळेपणाची! भिंती गेल्या की संवाद वाढतो, हा समजही तपासून घ्यावा असा आहे. हार्वर्डच्या इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खुल्या रचनेत गेलेल्या दोन कंपन्यांमधील समोरासमोरचा संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ई-मेल मात्र वाढले.

उपाय फार महाग नाहीत. सर्वाधिक लाभ छतातून मिळतो, कारण तेवढा मोठा मोकळा पृष्ठभाग दुसरा नसतो. तेथे मिनरल फायबरच्या टाइल्स बसवाव्यात, भिंतीवर कापड लावलेला सॉफ्ट बोर्ड. कुंड्या शोभेसाठी जरूर ठेवाव्यात, पण दोन-चार रोपांनी आवाज कमी होत नाही. सतत फोनवर बोलणाऱ्यांना दाराजवळ आणि हिशेबनीसाला दूरच्या कोपऱ्यात बसवले, तर एक पैसाही न खर्चता निम्मी कटकट मिटते. खासगी बोलण्यासाठी चार बाय चार फुटांची बंद खोली काढता आली तर उत्तमच.

टेबलांमधील साडेतीन फुटी पार्टिशन पसारा झाकते, आवाज अडवत नाही. बसलेल्या माणसाचे डोके साधारण चार फुटांवर येते. म्हणून पार्टिशन किमान साडेचार-पाच फूट हवे. त्याचा वरचा फूटभर भाग काचेचा ठेवला, की मालकालाही सारे कार्यालय दिसत राहते.