पीएचडीची मौखिक परीक्षा

पीएचडीच्या प्रबंधाची मौखिक परीक्षा म्हणजे ‘व्हायवा’. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्रबंध मार्गदर्शकाबरोबर किमान दोन बहिःस्थ परीक्षक तपासतात आणि त्यांनी शिफारस केली तरच व्हायवा होतो. म्हणजे निम्मी लढाई आधीच जिंकलेली असते. घाबरणारे नेमके हेच विसरतात. व्हायवा खुला असतो, प्राध्यापक व इतर संशोधक विद्यार्थी हजर राहू शकतात.

तयारीचा गाभा परीक्षकांच्या अहवालांत असतो. त्यांतल्या शंकांची उत्तरे पृष्ठक्रमांकासह तयार ठेवावीत. प्रश्न बहुधा ठरलेले: हाच विषय का, नमुना कसा निवडला, नवे काय सापडले, मर्यादा कोणत्या? मर्यादा झाकणारा उमेदवार हमखास अडकतो. सादरीकरणात पहिल्या प्रकरणाची पार्श्वभूमी थोडक्यात आटोपून निष्कर्षांना वेळ द्यावा. प्रत्यक्षात बहुतेक जण उलटेच करतात. प्रश्न पूर्ण ऐकावा, न कळल्यास पुन्हा विचारावा. उत्तर येत नसेल तर तसे सांगावे, मार्गदर्शकाच्या तोंडाकडे पाहू नये. वाद घालण्यापेक्षा पुराव्याचे पान उघडून दाखवावे.

मूल्यमापन यशस्वी झाल्यावर, पदवी जाहीर होण्यापूर्वी, प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे जाते आणि ‘शोधगंगा’ या त्याच्या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात कुणालाही वाचायला खुली होते.