खोल पाण्यातले स्पंज आणि एक सोपे उत्तर

कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळखडकांच्या उतारावरून खाली जाताना दृश्य बदलत जाते. वरच्या भागात प्रवाळांचे राज्य असते. तिसेक मीटरच्या खाली प्रवाळ विरळ होतात आणि नळ्या, पिंपे, दोर, पंखे अशा नाना आकारांचे स्पंज डोळ्यांत भरू लागतात. 30 ते 150 मीटरच्या या मंदप्रकाशी पट्ट्याचा अभ्यास वाढला, तसे एक सूत्र रूढ झाले: खोली वाढली की स्पंज वाढतात. 2018 साली लेसर आणि स्लॅटरी यांनी संपूर्ण कॅरिबियनसाठी तसा निष्कर्ष मांडला. पुढच्याच वर्षी स्कॉट आणि पॉलिक यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन या सूत्राच्या सार्वत्रिकतेवरच प्रश्नचिन्ह लावले. या वादात कोणाची मोजणी बरोबर, हा प्रश्न आहेच. मला मात्र मुळातला घोटाळा वेगळा वाटतो. खोली हे कारण नाही, पत्ता आहे. प्रकाश, अन्न, भक्षक मासे, लाटांचा मारा आणि बसायला जागा असे अनेक घटक त्या एका आकड्यात बांधलेले असतात. ते सुटे केल्याशिवाय 'स्पंज का बदलतात' याचे उत्तर मिळत नाही. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी पिकते ती उंचीमुळे असे आपण सहज म्हणतो, पण रोपाला उंची कळत नाही, थंडी आणि माती कळते. स्पंजाचेही तसेच आहे.

आधी अन्नाचे पाहू. स्पंज हा जागचा न हलणारा प्राणी आहे. अंगातल्या असंख्य छिद्रांतून तो पाणी आत ओढतो आणि त्यातले अतिसूक्ष्म जीव गाळून खातो. हेन्री रिसविग यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला जमैकात केलेल्या कामातून हे स्पष्ट झाले, की स्पंजांचा मोठा आहार सामान्य सूक्ष्मदर्शकातून निसटणाऱ्या बारीक कणांचा असतो. उतारावर खोलातून वर येणाऱ्या अंतर्गत लाटा थंड पाण्याबरोबर असे सूक्ष्मजीवही आणतात. साहजिकच खाली अन्न जास्त म्हणून स्पंज जास्त, हा युक्तिवाद पुढे आला. पण अन्नही एकजिनसी नाही. क्युरासाओ बेटावर काम करणाऱ्या डे गोइ आणि सहकाऱ्यांनी 2013 साली दाखवले, की काही स्पंज पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य शोषतात आणि आपल्या पेशी झपाट्याने टाकून देत त्याचे कणरूप अन्न इतर प्राण्यांना पुरवतात. हे विरघळलेले द्रव्य मुख्यतः प्रवाळ आणि शैवाल सोडतात, म्हणजे ते उजेडाच्या भागात अधिक असते. खाली जाताना एक अन्न वाढते आणि दुसरे घटते. मग 'खोलीबरोबर अन्न वाढते' हे विधान कोणत्या स्पंजाबद्दल, हे सांगितल्याशिवाय अर्धेच राहते.

यावर आक्षेप असा, की अन्नाचा विचार करायचे कारणच नाही, सगळे मासे ठरवतात. या म्हणण्याला भक्कम आधार आहे. रँडल आणि हार्टमन यांनी 1968 साली वेस्ट इंडीजमधल्या 212 जातींच्या माशांची पोटे तपासली, तेव्हा 21 जातींत स्पंजांचे अवशेष सापडले. एंजलफिशसारख्या काहींचा तर तो मुख्य आहार निघाला. लोह आणि पॉलिक यांनी 2014 साली कॅरिबियनमधल्या 69 ठिकाणांची पाहणी प्रसिद्ध केली. जिथे मासेमारीने भक्षक संपले होते, तिथे रासायनिक संरक्षण नसलेले, चवदार पण झपाट्याने वाढणारे स्पंज माजले होते. जिथे मासे टिकून होते, तिथे विषारी, संथ वाढणाऱ्या जातींचा वरचष्मा होता. हा पुरावा मला निर्णायक वाटतो, पण तो कोणत्या प्रश्नाचा निर्णय करतो ते नीट पाहिले पाहिजे. एकाच खोलीवर, मासेमारीच्या फरकाने स्पंजांची जातवारी बदलते, हे त्यातून सिद्ध होते. प्रकाश आणि अन्न यांना भूमिकाच नाही, हे सिद्ध होत नाही. फ्लोरिडाच्या कॉन्च रीफवर तर परस्परविरोधी निष्कर्ष निघाले आहेत. 2006च्या अभ्यासात नळीच्या आकाराचा एक स्पंज खोल भागात अधिक वाढला आणि त्याचे श्रेय अन्नाला दिले गेले. 2013 साली पॉलिक यांच्या गटाने त्याच खडकावरच्या कामातून भक्षणालाच महत्त्व दिले. दोन्ही गट एका समुद्रातले, एका धाटणीचे स्पंज पाहत होते, हे विसरून चालणार नाही.

समुद्र बदलला की चित्र पालटते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या बाहेरच्या, नितळ पाण्याच्या भागात अनेक स्पंज पानासारखे चपटे असतात. त्यांच्या अंगात नीलहरित जीवाणू राहतात आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला देतात. क्लाइव्ह विल्किन्सन यांनी 1987 साली दोन महासागरांची तुलना करून दाखवले, की कॅरिबियनमध्ये स्पंजांचे प्रमाण कितीतरी जास्त आहे, पण प्रकाशावर जगणारे असे चपटे स्पंज तिथे जवळजवळ नाहीत. प्रकाशाला बांधलेल्या स्पंजाला खाली जाणे म्हणजे उपासमार. गाळून खाणाऱ्याला तेच खाली जाणे फायद्याचे ठरू शकते. खोली हे कारण असते, तर तिने दोन्हीकडे सारखाच परिणाम केला असता.

याहून बोलका दाखला जमैकाच्या कठीण सांगाड्याच्या स्पंजांचा आहे. हार्टमन आणि गोरो यांनी अभ्यासलेला सेराटोपोरेला निकोलसोनी हा स्पंज वर्षाला जेमतेम 0.2 मिलिमीटर वाढतो आणि शेकडो वर्षे जगतो. सत्तरेक मीटरच्या खाली, जिथे प्रवाळ थकतात, तिथे खडक उभारण्याचे काम हाच करतो. तो 'खोलातला' मानावा, तर उथळ खडकाच्या अंधाऱ्या भेगांत आणि बोगद्यांतही तोच सापडतो. तिथे खोली नाही, पण अंधार आहे, आणि जागेसाठी झगडणारे प्रवाळ नाहीत. म्हणजे त्याची जागा ठरवण्यात खोलीपेक्षा उजेड आणि स्पर्धा यांचा हात मोठा असावा.

कोणी म्हणेल, कारणांची ही फोड कशाला? खोली मोजायला सोपी आहे आणि ढोबळ अंदाजाला पुरते. नकाशासाठी ती पुरते, हे मान्य. भाकितासाठी पुरत नाही. उद्या एंजलफिश संपले, किनाऱ्यावरून गाळ येऊन पाणी गढूळ झाले किंवा पाणी तापून अंतर्गत लाटांचा जोर बदलला, तर खोली तीच राहील आणि स्पंज बदलतील. 'वरचे प्रवाळ मेले तरी खोल भाग सुरक्षित आसरा ठरेल' ही आशाही याच ढोबळपणावर उभी आहे. तिथल्या जाती वरच्यांहून वेगळ्या असतील, तर तो आसरा नाही, वेगळी वस्ती आहे.

हा प्रश्न महाराष्ट्रापासून दूरचा नाही. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारा अँग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळखडक आहे. त्याचा माथाच वीसेक मीटर पाण्याखाली आहे. तिथल्या स्पंजांची पाहणी करताना खोलीच्या रकान्यापुढे टक्केवारी लिहून थांबू नये. त्याच जागी पोहोचणारा उजेड, पाण्यातले कण, तिथले मासे आणि प्रत्येक स्पंजाची जात यांचीही नोंद व्हावी. एवढे झाले तरच ती पाहणी पुढच्या पिढीच्या उपयोगाची ठरेल.