बॉटच्या हाती आपलं बोट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कविता लिहिणाऱ्या माणसाला शब्दाच्या मागे जाण्याची खोड असते. हल्ली पिंपरीत, भोसरीत, चाकणच्या भाड्याच्या खोल्यांवर राहणाऱ्या पोरांच्या तोंडी एक शब्द सारखा ऐकू येतो. ‘समोरचा बॉट होता राव’, ‘तो बॉट लावून खेळतो’. हा बॉट म्हणजे ‘रोबॉट’चं शेपूट. कारेल चापेक या चेक लेखकानं १९२० साली लिहिलेल्या नाटकातून रोबॉट हा शब्द जगभर गेला. त्याला तो सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे सक्तीची चाकरी. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, वेठ. पुढे संगणकवाल्यांनी पुढचं ‘रो’ उडवलं आणि ‘बॉट’ तेवढा ठेवला. शरीर गेलं, वेठ राहिली. माणसाच्या जागी बसून काम करणारा, हातपाय नसलेला प्रोग्रॅम म्हणजे बॉट.

लोखंडी रोबॉट आपल्या पट्ट्याला नवा नाही. चाकणच्या मोटार कारखान्यांत तो वेल्डिंग करतो. त्याच्याभोवती जाळीचं कुंपण असतं आणि कुंपणाचं दार उघडलं की यंत्र थांबतं. बजाज ऑटोनं २०१० च्या सुमारास माणसाच्या शेजारी काम करणारे छोटे रोबॉट आणले. त्यांना कोबॉट म्हणतात. ते माणसाला धक्का लागला की जागीच थबकतात. कारखान्याचा नियम सरळ आहे. यंत्र कोणतं आणि माणूस कोण, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. आणि यंत्र थांबवण्याचं लाल बटण माणसाच्या हाताशी पाहिजे.

ऑनलाइन खेळातल्या बॉटला यातलं काहीच लागू नाही. तो माणसाचं नाव लावून येतो. त्याला ना जाळी, ना लाल बटण. आणि तो विकत घेणारी, फुकट उतरवून घेणारी मंडळी आपल्याच घरातली असतात.

आधी हे सांगायला हवं, की प्रत्येक बॉट वाईट नसतो. संगणकाशी बुद्धिबळ खेळणारा माणूस बॉटशीच खेळतो, पण ते त्याला माहीत असतं. पबजी या खेळात २०२० मध्ये कंपनीनं नवख्या खेळाडूंसाठी संगणकाचे गडी मैदानात सोडले, तेही जाहीर सांगून. प्रश्न सुरू होतो तो लपवाछपवी आली की. एखादा खेळाडू आपल्या जागी गुपचूप यंत्र बसवतो, नाहीतर खेळ चालवणारा मालकच समोर माणूस आहे असं भासवून यंत्र बसवतो.

खेळाडू असं का करतो? पोरांची बाजूही समजून घेऊ. बारा तास कारखान्यात काढून खोलीवर आलेल्या मुलाचे गावाकडचे मित्र खेळात चार पायऱ्या वर गेलेले असतात. खेळात पुढं जायला तीच ती कामं शेकडो वेळा करावी लागतात. नाणी गोळा करा, शत्रू मारा, पुन्हा नाणी गोळा करा. मग कुणीतरी सांगतं, ‘हे अ‍ॅप टाक, तू झोपलास तरी मोबाइल खेळत राहील.’ दिवसभर मशीनसमोर तेच ते काम केलेल्या मुलाला हे सुचावं यात नवल नाही. वेठ त्याच्या ओळखीची असते आणि ती दुसऱ्यावर ढकलायची संधी त्याला दिसते.

आता हा बॉट चालतो कसा ते पाहू, कारण धोका तिथंच आहे. मोबाइलवरच्या साध्या बॉटला दोनच गोष्टी लागतात: डोळा आणि बोट. पडद्यावर काय चाललंय ते त्याला दिसलं पाहिजे आणि हव्या त्या जागी टिचकी मारता आली पाहिजे. अँड्रॉइड मोबाइलमध्ये ही दोन्ही कामं करू देणारी एक परवानगी आहे. तिचं नाव अ‍ॅक्सेसिबिलिटी. ती मुळात ज्यांना दिसत नाही, ज्यांचे हात नीट चालत नाहीत, अशा माणसांच्या मदतीसाठी ठेवलेली आहे. तिच्या आधारानं अंध माणसाचा मोबाइल पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो. पण ही परवानगी अनोळखी अ‍ॅपला दिली, की ते अ‍ॅप फक्त खेळाचाच पडदा पाहील याची खात्री कोण देणार? त्याच मोबाइलवर बँकेचं अ‍ॅप आहे, यूपीआय आहे, ओटीपीचे संदेश येतात. जो डोळा खेळातली नाणी पाहतो, त्याला बँकेतली शिल्लकही दिसते. जे बोट खेळातलं बटण दाबतं, त्याला ‘पैसे पाठवा’ हे बटणही दाबता येतं. बँक खाती रिकामी करणारी कित्येक चोरटी अ‍ॅप्स नेमकी हीच परवानगी मागतात. बोट दिलं की हात धरतो, असं आपण म्हणतो. बॉटच्या बाबतीत ही म्हण शब्दशः खरी आहे.

असे बॉट अधिकृत दुकानात सहसा मिळत नाहीत. ते टेलिग्रामवर, व्हिडिओखालच्या लिंकवर मिळतात. ते टाकताना मोबाइल सावध करतो, तर बॉट देणारा सांगतो की ती सूचना बंद करा. घराच्या दारावरचा राखणदार आपणच घरी पाठवायचा आणि मग चोराला आत बोलवायचं, असा हा प्रकार. काही जण खेळाच्या खात्याचा पासवर्डही मागतात. तोच पासवर्ड ईमेलला असेल, तर मग बोलायलाच नको.

दुसरा धोका पकडलं जाण्याचा. खेळ चालवणाऱ्यांचं लक्ष असतं. माणसाची टिचकी कधी लवकर पडते, कधी उशिरा; बॉटची टिचकी ठरल्या ठेक्यात पडते. माणूस झोपतो, जेवतो, त्याचा फोन येतो. बॉट सलग वीस तास तेच करत राहतो. म्हणून बॉट बनवणारे त्यात मुद्दाम चुका पेरतात, आणि पकडणारे त्या चुकांचाही ठेका शोधतात. पकडलं की खाते कायमचं बंद होऊ शकतं. त्या खात्यात महिनोन्‌महिने पगारातून घेतलेले पोशाख, बंदुका असतील तर तेही गेले, कारण खेळाच्या अटींनुसार ती वस्तू आपल्या मालकीची नसतेच. ती वापरण्याची परवानगी तेवढी आपण विकत घेतलेली असते.

या चढाओढीचा एक खटला प्रसिद्ध आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळासाठी अमेरिकेत ‘ग्लायडर’ नावाचा बॉट निघाला. त्याचे सुमारे १ लाख २० हजार परवाने विकले गेले. खेळाची मालक कंपनी ब्लिझर्ड कोर्टात गेली. २००८ साली बॉट विकणाऱ्याला लाखो डॉलर भरपाई देण्याचा आदेश झाला. २०१० मध्ये वरच्या कोर्टानं निकालाचा काही भाग बदलला, पण खेळाची पहारा देणारी यंत्रणा चुकवणारं साधन विकलं, हा ठपका कायम ठेवला.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. जून २०२१ मध्ये कोविडग्रस्तांच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद काही नामवंतांशी ऑनलाइन बुद्धिबळ खेळले. त्यातल्या एका उद्योजकानं आनंदना हरवलं आणि दुसऱ्या दिवशी कबूल केलं, की आपण संगणकाची मदत घेतली होती. त्यांना माफी मागावी लागली. निधी गोळा करण्यासाठी मांडलेल्या गमतीच्या डावातसुद्धा हे लोकांना खटकलं, कारण प्रेक्षक दोन माणसांचा डाव पाहायला बसले होते.

तिसरा धोका सगळ्यांत मोठा, कारण त्यात पैसा आहे. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारं एक यंत्र आलं. पेटीमागे तुर्की पोशाखातला, पगडीवाला लाकडी पुतळा बसलेला असे. लोक त्याला ‘तुर्क’ म्हणत. पुढे नेपोलियनही त्याच्याशी खेळला. खरी गोष्ट ही, की पेटीच्या आत एक जिताजागता खेळाडू दडलेला असे. बिचाऱ्या तुर्काचं नाव फुकटच बदनाम! आज उलटं झालं आहे. बाहेर माणसाचं नाव, माणसाचा फोटो, आणि आत यंत्र.

पत्त्यांच्या खेळात यंत्र माणसाला हरवू शकतं का? २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘प्लुरिबस’ या प्रोग्रॅमनं सहा जणांच्या पोकरमध्ये पाच-पाच व्यावसायिक खेळाडूंना एकाच टेबलावर मागे टाकलं. ते उघड संशोधन होतं. पण असा गडी पैशाच्या टेबलावर टोपणनावानं बसला, तर पगारातले दोन हजार लावणाऱ्या मुलाचं काय होणार ते सांगायला नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये ईडीनं ‘विन्झो’ या कंपनीच्या दोन संस्थापकांना अटक केली. पैशांच्या खेळात ग्राहकांना न सांगता त्यांच्यासमोर माणसाऐवजी सॉफ्टवेअर खेळवलं जात होतं, असा ईडीचा आरोप आहे. आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण हरलेल्या खेळाडूला समोर कोण होतं हे स्वतःहून तपासण्याची काही सोय नसते, एवढं तर या प्रकरणातून दिसलंच.

त्याआधी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मात्र परदेशातून चोरून चालणाऱ्या अ‍ॅपवर पैसे गेले, तर दाद मागायची कुणाकडे, हा प्रश्न उरतोच.

मग करावं काय? बॉटसाठी अनोळखी अ‍ॅप घेऊ नये. मोबाइलच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी कुणाकुणाला दिली आहे ते आजच पाहावं आणि ओळखीचं नसेल ते बंद करावं. खेळाचा आणि बँकेचा पासवर्ड एक ठेवू नये. पैसे गेलेच, तर लाजेनं गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावं. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता अधिक असते.

पण पैशापलीकडेही काही जातं. या पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशातून आलेली मुलं एकेका खोलीत चार-पाच जण राहतात. शिफ्ट वेगळ्या, त्यामुळे एकाच खोलीतल्यांची गाठ पडत नाही. रात्री अकराला मोबाइलवर गावाकडचा मित्र भेटतो, ‘मागून कव्हर दे’ म्हणतो, हरल्यावर शिव्या घालतो, आईची तब्येत कशी आहे ते विचारतो. खेळ हे नुसतं निमित्त. आपल्या भाषेत खेळणाऱ्याला खेळगडी म्हणतात, सवंगडी म्हणतात, भिडू म्हणतात. यातला एकही शब्द एकट्या माणसासाठी नाही. बॉट लावणारा मुलगा आपल्या जागी यंत्र बसवून झोपी जातो, आणि तिकडे त्याचा सवंगडी रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. उद्या त्यानंही बॉट लावला, तर दोन यंत्रं एकमेकांशी खेळत बसतील.

दमलेल्या माणसानं झोपावं. खेळातली पायरी एक दिवस मागे राहिली तर काही बिघडत नाही. पण ज्या दिवशी खेळायचं, त्या दिवशी आपलं बोट आपलंच असावं.