प्रथिनांच्या जाळ्यातून वाट कशी शोधतात?

पेशीच्या दाराशी आलेला निरोप आत केंद्रकापर्यंत जातो कसा? एक प्रथिन दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला, आणि शेवटी एखादे जनुक चालू किंवा बंद होते. या साखळीला संकेतमार्ग म्हणतात. कर्करोगासारख्या आजारात ही साखळी कुठेतरी बिघडलेली असते, म्हणून तिची प्रत्येक कडी ठाऊक असणे गरजेचे.

अडचण अशी की, बहुतेक मोठ्या प्रयोगांतून साखळी मिळत नाही, सुट्या जोड्या मिळतात. हे प्रथिन त्याला चिकटते, एवढेच कळते. अशा हजारो जोड्यांचे जाळे होते आणि त्यात काही जोड्या चक्क खोट्या असतात. संगणकाला नुसती सर्वांत जवळची वाट विचारली तर फसगत होते. काही प्रथिने शेकडो इतरांना चिकटतात. जंक्शनच्या स्टेशनासारखी! कुठूनही कुठे निघा, वाट तिथूनच जाते.

म्हणून प्रत्येक जोडीला पुराव्यानुसार विश्वासाचा आकडा देतात आणि वाटेवरचे आकडे गुणतात. ०.६ च्या दोन टप्प्यांची वाट ०.३६ ठरते, ०.९ च्या तीन टप्प्यांची ०.७२९. इथे लांबची वाट जिंकते.

वाटेत तेच प्रथिन पुन्हा येऊ नये, ही अट संगणकाला फार जड जाते. त्यावर अलॉन, युस्टर आणि झ्विक यांची १९९५ सालची युक्ती आम्हाला फार आवडते. जाळ्यातल्या बिंदूंना वाटेल तसे रंग द्यायचे आणि एकही रंग दोनदा न येणारी वाट शोधायची. पाच बिंदूंची वाट, पाच रंग, तर एका खेपेत ती सापडण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के. पण १०० वेळा नव्याने रंगवा, शक्यता सुमारे ९८ टक्क्यांवर जाते. पुढे ही युक्ती यीस्टच्या प्रथिनांवर वापरली गेली.

२०१६ मध्ये पाथलिंकर या पद्धतीने माणसाच्या 'विंट' संकेतमार्गात सीएफटीआर या प्रथिनातून जाणारी वाट सुचवली. सिस्टिक फायब्रोसिस ज्याच्या बिघाडाने होतो, तेच हे प्रथिन. नंतर प्रयोगशाळेतही त्या वाटेला आधार मिळाला. तो मिळेपर्यंत ती अंदाजच होती, हे विसरता कामा नये.

विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे करून पाहावे. सायटोस्केप मोफत आहे, स्ट्रिंगवरची माहिती खुली आहे, साधा लॅपटॉप पुरतो. सुरुवात यीस्टपासून करा. त्याचे बरेच मार्ग आधीच ठाऊक असल्याने आपले उत्तर ताडून पाहता येते.