माशीला मानवेल असे घर

मोहोळ म्हटले की आपण डोके झाकून पळत सुटतो. पण सर्व माश्या सारख्या नसतात. आपल्या आजरा भागात चार प्रकारच्या मधमाश्या दिसतात. आग्या माशी मोठी व रागीट. ती उंच झाडाला किंवा कड्याला उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. फुलोरी माशी लहान. ती झुडपात एकच छोटे पोळे करते. पोया माशी तर फारच बारीक, ती डंख मारत नाही. चौथी सातेरी. तिला अंधार आवडतो. झाडाची ढोली, वारूळ, भिंतीतली पोकळी अशा जागी ती राहते आणि शेजारी शेजारी अनेक पोळी बांधते. म्हणून सातेरी पेटीत पाळता येते. आग्या आणि फुलोरी पेटीत राहत नाहीत.

आमच्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा होता. आबांनी त्याला पुढून फळी बसवली होती आणि फळीला बोट जाईल एवढे भोक ठेवले होते. त्यात सातेरी राहत होती. पण यंदा ती भिंत पाडून नवीन घर बांधायचे ठरले. मग माश्यांचे काय करायचे? मला फार काळजी लागली, कारण गेल्या वर्षी आमची एक चूक झाली होती.

गेल्या वर्षी काकांनी एक जुनी मोठी मधपेटी आणली. जांभळीच्या ढोलीतली सातेरी तिच्यात ठेवली. आम्हाला वाटले, मोठे घर मिळाले म्हणजे माश्या खूश होतील. पण माश्यांनी एका कोपऱ्यात चार वेडीवाकडी पोळी बांधली. बाकी पेटी रिकामीच. रिकाम्या जागेत मुंग्या झाल्या, पोळ्याला मेणकिडा लागला. पावसाळ्यात एक दिवस शाळेतून आलो तर पेटी गप्प. सगळ्या माश्या उठून गेल्या होत्या. मी त्या दिवशी जेवलो नाही. आबा म्हणाले, "पोरा, घर आपल्याला आवडून काय उपेग? माशीला आवडलं तरच ती ऱ्हाती."

ती पेटी मेलिफेरा नावाच्या परदेशातून आणलेल्या माशीची होती. ती माशी सातेरीपेक्षा मोठी असते व तिचे कुटुंबही मोठे असते. तिच्या पेटीतली चौकट जवळजवळ दीड फूट लांब असते. सातेरीच्या पेटीतली चौकट साधारण एक वीत लांब असते. माणसाला जसा मापाचा सदरा लागतो, तशी माशीला मापाची पेटी लागते.

अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १८५१ साली एक गोष्ट ओळखली. माश्या दोन पोळ्यांच्या मध्ये स्वतःला जाण्यायेण्यापुरती वाट ठेवतात. ती सुमारे ८ मिलिमीटर असते. वाट जास्त रुंद ठेवली तर माश्या तिथे जादा पोळे बांधतात. अरुंद ठेवली तर माशी जाऊ शकत नाही. पेटीत एवढीच वाट ठेवली की चौकटी चिकटत नाहीत व पोळे न मोडता बाहेर काढता येते. म्हणजे ही युक्ती माणसाने माश्यांकडूनच घेतली.

फेब्रुवारी महिन्यात काजूला मोहर होता, तेव्हा भुदरगड तालुक्यातले एक मधपाळ आमच्याकडे आले. त्यांनी सातेरीची लहान पेटी आणली. संध्याकाळी माश्या परत आल्यावर त्यांनी थोडा धूर दिला व कोनाड्याची फळी काढली. आत सहा पोळी होती, कपाटात पुस्तके उभी ठेवावीत तशी. मी लांबून पाहत होतो. पोळी काढल्यावर भिंतीवर त्यांच्या खुणा राहिल्या. त्या मी पट्टीने मोजल्या. एका पोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत तीन सेंटिमीटरपेक्षा थोडे जास्त भरले. नव्या पेटीतल्या चौकटीही तेवढ्याच अंतरावर होत्या! मला लई आनंद झाला.

पोळी केळीच्या सोपटाने चौकटींना बांधली. वरची बाजू वरच ठेवली, नाहीतर आतला मध सांडतो. दारात बारीक जाळी लावली. तिच्यातून कामकरी माश्या जातात, राणी मात्र जाऊ शकत नाही. राणी राहिली की बाकीच्या राहतात. थोड्या दिवसांनी पोळी चौकटींना चिकटली, मग जाळी काढली.

पेटी ठेवताना आम्ही एवढे केले. दार पूर्वेला ठेवले. जागा सावलीची निवडली. चौरंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. जवळ औषध फवारायचे नाही, असे काकांनी ठरवले. सगळा मध काढायचा नाही, हे आबांनी ठरवले. आपल्याकडे पाऊस फार. पावसात माशीला फुले मिळत नाहीत. तेव्हा ती साठवलेला मध खाते. तो कमी पडला तर आपण साखरेचा पाक द्यायचा.

महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ साली राज्यातले पहिले 'मधाचे गाव' झाले. आपल्या शेजारच्या भुदरगड तालुक्यातले पाटगावही मधाचे गाव आहे. तेथे मोहोळ जाळून मध काढत नाहीत. पूर्वी आबाही मशाल घेऊन जात. मोहोळ जाळले की अंडी, पिल्ले, माश्या सगळे मरते आणि पुढच्या वर्षी मधही नाही. माश्या नसल्या तर फळेही कमी धरतात.

आमच्या माश्या अजून पेटीत आहेत. खरी परीक्षा पावसाळ्यात आहे. मी रोज सकाळी दारापाशी कान लावतो आणि गुणगुण ऐकू आली की मगच शाळेला येतो. तुमच्या घराच्या भिंतीत सातेरी असेल तर तिला जाळू नका, भोक लिंपू नका. आधी ती कशी राहते ते बघा आणि मग तिला तसेच घर द्या.

इयत्ता चौथी